एग सेलमध्ये जीन चालू आहे का? ॲरबिडॉप्सिसच्या ओव्ह्यूलचं गस स्टेनिंग, कळी निवडण्यापासून मोजणीपर्यंत

"ताई, स्टेनिंग फेल गेलं, निम्मी ओव्ह्यूल्स कोरीच राहिली." असा मेसेज मला दर एक-दोन महिन्यांनी येतो, सोबत फोटो असतो, त्यात दहा-बारा ओव्ह्यूल्स (बीजांडं), पाच-सहांच्या टोकाशी एक स्वच्छ निळा ठिपका आणि बाकीची रिकामी. तोपर्यंत त्या मुलीने नवीन एक्स-ग्लुक (निळा रंग ज्यापासून तयार होतो ते केमिकल) मागवलेलं असतं, बफर तीनदा बनवून झालेलं असतं, कधीकधी झाडंही टाकून दिलेली असतात. आणि बघायला गेलं तर झाड हेमिझायगस, म्हणजे बाहेरून घातलेल्या जीनची एकच कॉपी असलेलं, निम्मी ओव्ह्यूल्स कोरी यायलाच हवी होती, रिझल्ट अगदी बरोबर होता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दोन महिने फुकट जातात आणि मुलांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जातो तो वेगळाच.

म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच की या प्रयोगातल्या बहुतेक चुका निळ्या रंगाच्या बाटलीत नसतात, त्या आदल्या दिवशी कळी निवडताना होतात नाहीतर शेवटी मोजताना होतात. मधलं केमिकल काम बऱ्यापैकी सोपं आहे.

हा लेख प्रमोटर-गस लाइन हातात असलेल्यांसाठी आहे, म्हणजे आपल्या जीनचा प्रमोटर (जीन कुठे आणि कधी चालू व्हायचं ते ठरवणारा तुकडा) गसच्या, म्हणजे एक्स-ग्लुकपासून निळा रंग करणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या, पुढे लावून ट्रान्सजेनिक झाडं तयार झालेली आहेत आणि आता फीमेल गॅमीटोफाइटमध्ये, म्हणजे भ्रूणकोशात, तो नेमका कुठे चालतो ते बघायचंय.

आधी हे डोक्यात पक्कं करा

ॲरबिडॉप्सिसच्या भ्रूणकोशात सात पेशी तयार होतात: एक एग सेल, दोन सिनर्जिड, एक मोठी सेंट्रल सेल आणि दुसऱ्या टोकाला तीन अँटिपोडल. एका पिस्टिलमध्ये, म्हणजे फुलाच्या मधल्या स्त्री-भागात, साधारण ५० ते ६० ओव्ह्यूल्स असतात आणि प्रत्येकात भ्रूणकोश एकच. त्याच्या भोवतीचं सगळं, इंटेग्युमेंट म्हणजे आवरण, दांडी, हे आईच्या झाडाचं डिप्लॉइड टिश्यू. भ्रूणकोश मात्र मायोसिसनंतर तयार होतो, म्हणजे त्याच्याकडे आईच्या दोन कॉपींपैकी एकच येते. ही एक गोष्ट विसरली की मोजणीचं सगळं गणित चुकतं, त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

## टप्पा १: झाडं आणि कंट्रोल

झाडं २२ डिग्रीला, १६ तास उजेडात, साधारण चार-पाच आठवड्यांत फुलावर येतात. मुख्य दांड्यावरची पहिली पाच-सहा फुलं सोडून द्या, त्यांच्यात ओव्ह्यूल्स बऱ्याचदा नीट वाढलेली नसतात, आणि झाड संपत आलं की शेंड्याची शेवटची फुलंही नकोत. मधली घ्या.

उन्हाळ्यात जास्त जपा. आमच्याकडे एका मे महिन्यात वीक-एंडला ग्रोथ रूमचा एसी बंद पडला, सोमवारी झाडं वरून हिरवीगार दिसत होती म्हणून आम्ही तशीच वापरली, आणि पिस्टिल उघडल्यावर जवळपास प्रत्येकात सुकलेली, आकसलेली ओव्ह्यूल्स. ताण बसला की आधी ओव्ह्यूल्स गळपटतात, पानं नंतर. तेव्हापासून तापमान बिघडलं की नंतर आठवडाभर आम्ही त्या झाडांना हात लावत नाही, नवीन कळ्या येऊ देतो.

कंट्रोल हे लागतातच:

- ट्रान्सजीन नसलेलं वाइल्ड टाइप, त्याच दिवशी त्याच ट्यूबच्या शेजारी. यात काहीही निळं यायला नको.
- ज्या पेशीत तुम्हाला सिग्नल अपेक्षित आहे तिची माहितीची लाइन. एग सेलसाठी डीडी४५, म्हणजेच ईसी१.२ चा प्रमोटर. सिनर्जिडसाठी एमवायबी९८. सेंट्रल सेलसाठी डीडी७ किंवा एफडब्ल्यूए.

सावध: ३५एस हा झाडात जवळपास सगळीकडे चालणारा प्रमोटर, त्याच्या ३५एस-गस लाइनचं पान निळं आलं म्हणजे कंट्रोल झाला असं बरेच जण धरतात. त्याने फक्त सोल्यूशन चांगलं आहे एवढं कळतं. ३५एस भ्रूणकोशात भरवशाने चालत नाही आणि पान उघड्यावर असतं, तर ओव्ह्यूल बंद पिस्टिलच्या आत, त्यामुळे रंग आतपर्यंत पोचला का याचं उत्तर पान देऊच शकत नाही.

## टप्पा २: कळी निवडणं आणि इमॅस्क्युलेशन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. इमॅस्क्युलेशन म्हणजे परागण होण्याआधीच कळीतले स्टेमन (पुंकेसर) काढून टाकणं.

ॲरबिडॉप्सिस स्वतःच स्वतःला परागण करतं आणि ते फूल उघडायच्या सुमारासच होऊन जातं. म्हणजे तुम्ही उघडलेलं सुंदर पांढरं फूल घेतलंत तर आत फर्टिलायझेशन झालेलं असण्याची शक्यता खूप आहे. मग एक सिनर्जिड संपलेली, एग सेलचं झायगोट झालेलं, सेंट्रल सेलचं एंडोस्पर्म सुरू, आणि तुम्ही मात्र 'एग सेल एक्सप्रेशन' म्हणून फोटो काढताय. ईसी१ सारख्या जीन्सचं एक्सप्रेशन फर्टिलायझेशननंतर उतरतं, पण गसचं प्रोटीन टिकाऊ आहे, ते मागे राहतं, त्यामुळे झायगोट निळा दिसला म्हणजे जीन झायगोटमध्ये चालू आहे असंही नाही. आणि उलट बाजूने, खूप लहान कळी घेतली तर भ्रूणकोश अजून विभागतोय, एग सेल तयारच झालेली नाही, आणि तुम्ही 'एक्सप्रेशन नाही' असं लिहून मोकळे होता.

म्हणून असं करा:

1. शेंड्यावरची उघडलेली सगळी फुलं आणि शेंगा काढून टाका.
2. बंद कळ्यांमधल्या सगळ्यात मोठ्या दोन-तीन घ्या. खूण अशी की हिरव्या सेपल्सच्या टोकातून पाकळीचं पांढरं नुकतंच डोकावतंय किंवा अजून डोकावलेलंही नाही. पाकळ्या स्पष्ट बाहेर आल्या असतील तर उशीर झाला, ती कळी काढून टाका.
3. बाकीच्या सगळ्या छोट्या कळ्या शेंड्यासकट कापा. हे टाळू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठली कळी आपली हे कळत नाही.
4. नंबर ५ फोर्सेप्सने सेपल्स, पाकळ्या आणि सहाही स्टेमन काढा. पिस्टिलला फोर्सेप्सचं टोक लागू देऊ नका, दाबलेली पिस्टिल पुढे नुसत्या जखमेमुळेही निळसर दिसू शकते.
5. दांड्याला रंगीत दोरा बांधा, टॅगवर तारीख आणि वेळ लिहा. वेळ पण लिहा, नुसती तारीख नको.
6. २४ तास थांबा.

हे २४ तास कशासाठी, तर एकाच पिस्टिलमधली ओव्ह्यूल्स अगदी एका तालात वाढत नाहीत, काही पुढे काही मागे असतात. एक दिवस दिला की मागची पुढच्यांना गाठतात आणि जवळपास सगळे भ्रूणकोश पक्व होतात. ४८ तासही चालतं, पण एका प्रयोगात सगळ्यांना सारखंच. तीन-चार दिवस ठेवू नका, परागण न झालेली ओव्ह्यूल्स म्हातारी व्हायला लागतात.

तपासा: स्टेमन काढल्यावर आणि दुसऱ्या दिवशी पिस्टिल काढण्याआधी, दोन्ही वेळा स्टिरिओखाली स्टिग्मा बघा. एक जरी पिवळा परागकण चिकटलेला दिसला तर ती पिस्टिल बाद. काढलेले अँथर फुटलेले, पिवळी भुकटी सोडणारे असले तरीही बाद. हळहळू नका, दुसरी कळी घ्या.

## टप्पा ३: गस सोल्यूशन

१० मिलीसाठी, हे मी वर्षानुवर्षं वापरतेय:

- ०.५ मोलर सोडियम फॉस्फेट बफर, पीएच ७.०: १ मिली
- ०.५ मोलर ईडीटीए: ०.२ मिली
- १० टक्के ट्रायटन एक्स-१००: ०.१ मिली
- १०० मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड: ०.२ मिली
- १०० मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड: ०.२ मिली
- १०० मिलिमोलर एक्स-ग्लुक, डीएमएफमध्ये विरघळवलेलं: ०.१ मिली
- पाणी: ८.२ मिली

पीएच ७ नीट मोजा. झाडाचं स्वतःचं गससारखं एन्झाइम आम्लाच्या बाजूला जास्त चालतं, पीएच खाली गेला की वाइल्ड टाइपमध्येही निळं यायला लागतं.

फेरी-फेरो जोडी का घालतो ते समजून घ्या, कारण इथेच आपल्या हातात एक स्क्रू आहे. एन्झाइमने तोडलेला पदार्थ निळा होण्याआधी थोडा सरकू शकतो, ही जोडी त्याचं ऑक्सिडेशन पटकन करून त्याला जागच्या जागी बसवते. जास्त घातली तर निळा रंग पेशीतच राहतो पण एकूण सिग्नल कमी होतो, कमी घातली तर सिग्नल भरपूर पण शेजारच्या पेशीत पसरतो. वरच्या मापाने दोन्ही २ मिलिमोलर होतात. भ्रूणकोशात पेशी एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे दोन्ही ०.५ मिलिमोलरच ठेवली तर रंग पसरण्याची भीती मला जास्त वाटते. प्रमोटर खूप कमजोर असेल तर खाली या, खूप जोरदार असेल तर ५ पर्यंत वर जा, पण जे कराल ते कंट्रोललाही तसंच करा.

सावध: फेरी-फेरोचे स्टॉक अंधारात ठेवा, जुने वापरू नका, आणि त्यात ॲसिड कधीही पडू देऊ नका, विषारी वायू तयार होऊ शकतो. एक्स-ग्लुक फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला. डीएमएफ हातमोजे घालूनच.

## टप्पा ४: पिस्टिल उघडणं

बंद पिस्टिल तशीच सोल्यूशनमध्ये टाकणं ही दुसरी मोठी चूक. बाहेरची भिंत रंग आत जाऊ देत नाही, मग टोकाकडची चार ओव्ह्यूल्स निळी आणि मधली कोरी, आणि ती कोरी मोजणीत धरली जातात.

स्लाइडवर डबल टेपचा तुकडा लावा, त्यावर पिस्टिल आडवी चिकटवा. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई घ्या, तिचं धारदार तोंड वर ठेवून, मधल्या शिरेच्या कडेने वरून खालपर्यंत हलकी रेघ मारा, कापायचं म्हणून जोर लावायचा नाही, भिंत साधारण कागदाइतकी आहे. मग ती भिंत दारासारखी बाजूला उघडा आणि टेपला दाबून टाका. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता मधल्या पडद्याला दोन्हीकडे ओव्ह्यूल्स लटकलेली दिसतील, ओल्या मोत्यांसारखी चमकणारी. चमक गेली आणि मळकट दिसायला लागली म्हणजे सुकतायत. एक पिस्टिल दोन-तीन मिनिटांत उघडून थेट पुढच्या टप्प्यातल्या गार ॲसिटोनमध्ये टाका. पंख्याखाली हे काम करू नका.

पहिल्या दिवशी वाइल्ड टाइपच्या दहा पिस्टिल्स फक्त सरावासाठी फोडा. किमती लाइनवर हात बसवायचा नाही.

## टप्पा ५: ॲसिटोन, व्हॅक्यूम आणि ३७ डिग्री

1. ९० टक्के ॲसिटोन, बर्फावर गार केलेलं, २० मिनिटं. पॉलिस्टायरीनची प्लेट वापरली तर ॲसिटोन ती खातं, प्लेट दुधाळ होते आणि चिकट थर नमुन्यावर बसतो. साध्या मायक्रोट्यूब पॉलिप्रोपिलीनच्या असतात, त्या चालतात.
2. एक्स-ग्लुक नसलेल्या बफरने दोनदा धुवा, पाच-पाच मिनिटं.
3. सोल्यूशन घाला, व्हॅक्यूम १० मिनिटं, आणि मग हळूच सोडा. एकदम सोडलं तर ओव्ह्यूल्स गळून पडतात.
4. ३७ डिग्री, अंधारात.

तपासा: व्हॅक्यूमनंतर पिस्टिल तळाशी बसली पाहिजे. तरंगत असेल तर आत हवा आहे, पुन्हा व्हॅक्यूम.

वेळ किती, हा प्रश्न सगळे विचारतात. ठरलेली वेळ नाही. नवीन लाइन असेल तर तीन ट्यूब करा, २ तास, ६ तास आणि रात्रभर. ज्या वेळेला निळा रंग एका पेशीत स्पष्ट दिसतो आणि कडा धारदार असतात तीच वेळ बरोबर. रात्रभर ठेवलेल्यात पूर्ण टोक निळं आणि २ तासांच्यात फक्त एग सेल निळी असेल तर २ तासांचं खरं धरा. रात्रभरचा फोटो छान दिसतो म्हणून तोच लावायचा मोह होतो आणि मग 'एग सेल व सिनर्जिड दोन्हीत एक्सप्रेशन' असं वाक्य थिसिसमध्ये जातं, जे नंतर काढायला फार त्रास होतो.

झालं की ७० टक्के इथेनॉल, एक-दोनदा बदला.

## टप्पा ६: क्लिअरिंग

क्लिअरिंग म्हणजे आतल्या पेशी दिसाव्यात म्हणून टिश्यू पारदर्शक करणं. क्लोरल हायड्रेट ८ ग्रॅम, ग्लिसरॉल १ मिली, पाणी २ मिली. विरघळायला वेळ लागतो, रात्रभर ठेवून द्या. हे पूर्वी झोपेचं औषध होतं, त्यामुळे हुंगू नका, हूडमध्ये काम करा आणि बाटली कुलपात ठेवा.

स्लाइडवर थेंब, त्यात पिस्टिलचा मधला पडदा, दोन सुयांनी ओव्ह्यूल्स सुटी करा, कव्हरस्लिप हलकेच. पक्व ओव्ह्यूल्सना एक-दोन तास पुरतात. दाबू नका, दाबलं की भ्रूणकोश चपटा होतो आणि कुठली पेशी कुठे हेच कळत नाही. मी फोटो त्याच दिवशी काढते, दिवसेंदिवस पडून राहिलेल्या स्लाइडवर फिका सिग्नल हरवतो.

गसऐवजी जीएफपी लाइन असेल तर हे द्रावण वापरू नका, त्यात चमक मरते. तिथे क्लिअरसी वापरतात किंवा ताजं ओव्ह्यूल थेट बघतात.

## टप्पा ७: निळी पेशी नेमकी कोणती

डीआयसी (पारदर्शक पेशींच्या कडा उठून दिसाव्यात म्हणून मायक्रोस्कोपला असलेली सोय) लावा, ४० एक्स लेन्स. आधी ओव्ह्यूलची दिशा ठरवा. ॲरबिडॉप्सिसचं ओव्ह्यूल उलटं वळलेलं असतं, त्यामुळे मायक्रोपाइल, म्हणजे जिथून परागनलिका शिरते ते तोंड, दांडीच्या बाजूलाच असतं. दांडी शोधा, तिच्या शेजारचं टोक म्हणजे मायक्रोपाइल. एग सेल आणि सिनर्जिड याच टोकाला.

आता पेशी ओळखायची ती तिच्या आतल्या मांडणीवरून, नुसत्या जागेवरून नाही:

- सिनर्जिड दोन, अगदी टोकाशी. त्यांचं न्यूक्लिअस मायक्रोपाइलकडे, व्हॅक्युओल आतल्या बाजूला.
- एग सेल बरोबर उलटी. मोठं व्हॅक्युओल मायक्रोपाइलकडे आणि न्यूक्लिअस आतल्या बाजूला, सेंट्रल सेलकडे तोंड करून.
- सेंट्रल सेलचं न्यूक्लिअस मोठं आणि ठळक, एग सेलच्या जवळच, बाकी सगळं व्हॅक्युओल.

फोकस हळूहळू वर-खाली करा. एका सिनर्जिडच्या मागे दुसरी लपते, आणि एकाच फोकसला बघितलं तर दोन निळ्या सिनर्जिड एक निळी एग सेल वाटतात. ही चूक मी स्वतः एका लाइनवर महिनाभर करत होते, प्रत्येक फोटो एकाच फोकसचा होता, आणि एमवायबी९८ ची लाइन शेजारी ठेवून बघितल्यावरच लक्षात आलं की माझा 'एग सेल' सिग्नल हुबेहूब तसाच दिसतोय. म्हणून प्रत्येक ओव्ह्यूलचे निदान तीन फोकसचे फोटो, आणि माहितीच्या लाइन त्याच दिवशी, त्याच मायक्रोस्कोपवर.

सावध: इंटेग्युमेंट निळं असेल तर आतल्या पेशीबद्दल काहीही म्हणू नका. तो रंग वरून झाकतो. वेळ कमी करून परत बघा.

## टप्पा ८: मोजणी

इथे सुरुवातीचा मेसेज आठवा.

ट्रान्सजीन एका जागी बसलेलं आहे आणि झाड हेमिझायगस आहे, जसं पहिल्या पिढीचं, टी१ चं झाड असतं, तर निम्म्या भ्रूणकोशांनाच ते मिळतं. म्हणून ५० टक्के निळी. दोन वेगवेगळ्या, न जोडलेल्या जागी बसलं असेल तर ७५ टक्के. होमोझायगस असेल तर जवळपास सगळी. रोपांच्या अँटिबायोटिक टेस्टमध्ये तुम्ही ३:१ बघता, ते डिप्लॉइड झाडांचं गणित आहे, ते इथे लावू नका, इथे एक जागा म्हणजे १:१.

आणि हे फक्त भ्रूणकोशातल्या सिग्नलला लागू. सिग्नल इंटेग्युमेंटमध्ये असेल तर ते आईचं टिश्यू, हेमिझायगस असलं तरी सगळीच ओव्ह्यूल्स निळी येतील. त्यामुळे मोजणी हीच एक तपासणी पण आहे: एका जागेची टी१ लाइन आणि टोकाशी निळं शंभर टक्के ओव्ह्यूल्समध्ये, तर शंका घ्या, रंग बहुतेक बाहेरच्या टिश्यूतून येतोय.

एका लाइनमागे किमान २०० ओव्ह्यूल्स, वेगवेगळ्या पाच-सहा पिस्टिल्समधून. वहीत तीन रकाने करा: निळं, कोरं पण निरोगी, आणि सुकलेलं. सुकलेली मोजणीतून वगळा, पण आकडा लिहून ठेवा, तो जास्त असेल तर झाडांची तब्येत ठीक नव्हती.

समजा १०४ निळी, ९६ कोरी. अपेक्षा १०० आणि १००. फरक ४, त्याचा वर्ग १६, भागिले १०० म्हणजे ०.१६, दोन्ही बाजूंचे मिळून ०.३२. काय-स्क्वेअरची मर्यादा ३.८४, आपण खूप खाली आहोत, म्हणजे १:१ मान्य. आता समजा १५० निळी आणि ५० कोरी. फरक ५०, वर्ग २५००, भागिले १००, दोन्ही मिळून ५०. हे १:१ नाहीच, दोन जागा असण्याची शक्यता धरा आणि पुढच्या पिढीत रोपांवर तपासा. ३० टक्केच निळी आली तर आधी टप्पा ४ आणि ५ कडे जा, पिस्टिल नीट उघडली होती का, बुडाली होती का.

मोजताना लेबल झाकून मोजा, किंवा दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. फिक्या निळ्याला 'निळं' म्हणायचं की 'कोरं' हे मनात उत्तर माहीत असलं की आपोआप वाकतं.

आणि एका लाइनवर थांबू नका. ट्रान्सजीन जीनोममध्ये जिथे बसतं तिथल्या शेजाराचा परिणाम होतो, त्यामुळे निदान पाच-सहा स्वतंत्र लाइन बघा. ज्या पेशीत बहुतेक लाइन्स सहमत आहेत तेवढंच लिहा.

## टप्पा ९: यावरून किती म्हणता येतं

गसने आपल्याला एवढंच सांगितलं की आपण कापून घेतलेला प्रमोटरचा तुकडा त्या पेशीत चालतो. जीनच्या इंट्रॉनमध्ये किंवा पुढे काही कंट्रोल असेल तर ते त्यात आलेलं नाही. म्हणून आरएनएवर एकदा पडताळा.

पण पूर्ण ओव्ह्यूलचा आरएनए काढून क्यूपीसीआर केला आणि सिग्नल आला म्हणून 'भ्रूणकोशात एक्सप्रेशन' लिहिणं चूक, कारण त्या आरएनएमध्ये बहुतांश वाटा इंटेग्युमेंटचा असतो. भ्रूणकोशच तयार न होणारा म्युटंट घ्या, स्पोरोसाइटलेस नावाचा, आणि त्याची पिस्टिल वाइल्ड टाइपच्या शेजारी ठेवा. दोन्ही इमॅस्क्युलेट केलेल्या, दोन्ही २४ तासांच्या. वाइल्ड टाइपमध्ये आहे आणि म्युटंटमध्ये नाही, किंवा अगदी नगण्य आहे, तर तुमचा सिग्नल भ्रूणकोशाचाच असण्याला चांगला आधार मिळाला. ईसी१.२ चे प्रायमर त्याच प्लेटवर लावा, म्युटंटमध्ये त्याचा सिग्नल खूप खाली आलाच पाहिजे, नाही आला तर सॅम्पलची अदलाबदल झालीय का ते आधी बघा.

भात किंवा मक्यावर काम करणाऱ्यांनी हा लेख तसाच उचलू नये. तिथे एका ओव्हरीत ओव्ह्यूल एकच असतं, भ्रूणकोशाभोवतीचं टिश्यू (न्यूसेलस) जाड, नुसत्या क्लिअरिंगने आतलं इतकं स्वच्छ दिसत नाही, त्यामुळे तिथे एग सेलच सुईने नाहीतर एन्झाइमने बाहेर काढून तिचा आरएनए बघतात. ते काम वेगळं आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

ज्या झाडाची ओव्ह्यूल्स मोजलीत त्याच झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर निळं, कोरं, सुकलेलं हे तिन्ही आकडे पेन्सिलने लिहा. पेनची शाई फ्रीजमध्ये पसरते.